सुपारीशेजारी ठेवलेली लेन्स

कोकणात आमच्या बोर्ली पंचतनच्या दमट हवेत पापडापासून दाखल्यांपर्यंत सगळ्याला बुरशी लागते आणि त्यावर आमच्याकडे एकच उपाय असतो, ऊन दाखवणं. गेल्या फाल्गुनात वडील म्हणाले, "मी गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो माझ्याच लेन्सनं काढ. आत्ताच काढून ठेव." कॅमेरा उघडला तर लेन्समध्ये पांढरे धागे. मी अतिशहाणी. कुणाला न विचारता लेन्स काढली आणि अंगणात वाळणाऱ्या सुपारीशेजारी पत्र्यावर ठेवून दिली.

वडील मुंबईत भिंगांच्या कारखान्यात कारागीर होते. जुन्या परदेशी कॅमेऱ्यांची फुटलेली भिंगं ते नव्याने घडवत. काच आधी जाड पुडीने घासायची, मग बारीक, आणि शेवटी डांबराच्या गादीवर लाल पुडीने झिलई. ही एकच लेन्स त्यांनी स्वतःसाठी केली होती. एक फुगीर आणि एक खोलगट काच, झाडाच्या राळेने जोडलेली. राळ तापली की पातळ होते, हे मला कळायला हवं होतं. लहानपणी त्यांच्या शर्टाला तिचाच वास यायचा.

संध्याकाळी पाहिलं तर वरची काच घसरली होती, मधे बुडबुडे. मला रडू आलं. वडील रागावले असते तर बरं झालं असतं.

"ऊन दाखवलंस होय? आण इकडं. राळ तापवून बसवतो परत."

त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, समोरचं माणूस मधे पुसट, नुसतं कडेकडेने दिसतं. हातही थरथरतो. तीन दिवस ते काचांच्या कडा अंगठ्याच्या नखाने चाचपत बसले. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. शेवटी लेन्स माझ्यासमोर धरून म्हणाले, "दिवा बघ हिच्यात. काचांत उमटलेल्या ज्योती एका रेषेत हायत ना? तर काचा सरळ बसल्या."

नव्हत्या. मी म्हटलं, "आहेत."

त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि ओटीवर ताठ बसले. मी फोटो काढला. मग लेन्स पुसायच्या निमित्ताने थांबले आणि मोबाइलवर आणखी एक काढला.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. चेहरा ओल्या बोटाने फिसकटल्यासारखा. वडील विचारतात, "बरा आलाय ना?" मी म्हणते, छान आलाय. मोबाइलवरचा फोटो मी मोठा करून आणलाय, फ्रेमही केलीय. ती कपाटात साड्यांखाली आहे.