आण्णांचा गळा आणि नेसरीचा रेफरन्स

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात विजयसिंहचं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हापासूनच त्याला गाण्यापेक्षा गाणं सुधारण्याची हौस दांडगी. नव्वदच्या दशकात लोक कोऱ्या कॅसेटी घेऊन यायचे आणि आवडीची गाणी भरून मागायचे. हे काम कुणीही केलं असतं. विजयसिंह मात्र मध्ये इक्वलायझर लावायचा. त्या डब्यावर वर-खाली सरकणाऱ्या दांड्यांची रांग आणि गाण्याबरोबर नाचणारे हिरवे-तांबडे दिवे. एका टोकाच्या दांड्यांनी ढोलासारखा जाड आवाज वाढायचा, दुसऱ्या टोकाच्यांनी झांजेसारखा बारीक. विजयसिंह दोन्ही टोकं वर सारायचा आणि मधल्या दांड्या दाबायचा. माणसाचा गळा नेमका मध्ये असतो, त्यामुळे गाणारा विहिरीत उतरून गातोय असं वाटायचं. पण दुकानाची काच थरथरायची, आणि काच थरथरली की गिऱ्हाईक खूश.

पुढं सीडी आल्या, दुकान बसलं. विजयसिंहनं घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, भिंतींना जुनी घोंगडी ठोकली आणि दारावर पाटी लावली, ‘डिजिटल मास्टरिंग’. बावड्यात कुणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि पाटीचा दबदबा त्यामुळंच होता. कुणी विचारलं तर तो डोळे बारीक करून सांगायचा, “रेकॉर्डिंग म्हंजे नुसतं पीठ मळणं. भाकरी मास्टरिंगमध्ये होती.”

त्याची बायको वर्षाराणी रोज खऱ्या भाकरी थापायची. तिला हे वाक्य आवडत नसे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला पुण्याच्या एका मित्रानं त्याला एक सॉफ्टवेअर आणून दिलं. अर्थात फुकटातलं, एका सीडीवर उतरवलेलं. त्याची करामत अशी, की त्याला एखादं चांगलं वाजणारं गाणं दाखवायचं. ते त्या गाण्यातला जाड-बारीक आवाज मोजणार आणि आपलं रेकॉर्डिंग त्याच मापात बसवणार. दाखवायच्या गाण्याला म्हणायचं रेफरन्स ट्रॅक. विजयसिंह त्या दिवसापासून चहासुद्धा रेफरन्स असल्याशिवाय पिईना. “कालच्यासारखा न्हाय झाला,” असं तो वर्षाराणीला म्हणायचा, आणि ती कपबशी उचलून आत न्यायची.

अशात उचगावच्या दूध संस्थेचे चेअरमन गणपतराव त्याच्याकडं आले. सगळा गाव त्यांना आण्णा म्हणायचा. आण्णांना साठावं वर्ष लागणार होतं. वाढदिवसाला स्वतःच्या आवाजातल्या अभंगाची सीडी वाटायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आण्णा संस्थेच्या सभेत बोलत तेव्हा आवाज खणखणीत लागे. गायला लागले की मात्र तोच आवाज सुराच्या आसपास फिरायचा आणि आत शिरायला वाट सापडत नसल्यासारखा परत यायचा. संस्थेत हे कुणी कधी बोललं नव्हतं. ज्यावर दुधाचा दर ठरतो ते फॅट कोण लावतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आण्णा गायले. रेकॉर्डिंग ऐकून विजयसिंहच्याही कपाळाला आठी पडली. पण तो म्हणाला, “काळजी करू नका आण्णा. आपल्याकडं सॉफ्टवेअर हाय. एक फर्स्ट क्लास गाणं घ्यायचं, आणि तुमचं गाणं हुबेहूब त्याच्यासारखं करायचं.”

“हुबेहूब?”

“हुबेहूब.”

रेफरन्स त्याच्याकडं होता. वर्षाराणीच्या माहेरी, नेसरीला, शेजारी केरबा म्हणून एक शेतकरी राहायचा. देवळातल्या भजनात त्यानं तोंड उघडलं की बायका हातातलं काम ठेवून ऐकायच्या. मागं तो कोल्हापूरला आला होता, तेव्हा वर्षानं आग्रह केला म्हणून या खोलीत बसून गाऊन गेला होता. अभंगही आण्णांनी गायलेला तोच. विजयसिंहनं ते गाणं सॉफ्टवेअरला दाखवलं आणि आण्णांचं गाणं त्या मापात बसवलं. जाड आवाज केरबाइतका जाड झाला, बारीक केरबाइतका बारीक. बेसूर होता तेवढाच राहिला, फक्त आता तो स्वच्छ ऐकू यायला लागला.

आण्णा ऐकायला आले तेव्हा विजयसिंहनं फरक कळावा म्हणून आधी केरबाच्या गाण्याची सीडी लावली. “आण्णा, हा रेफरन्स हाय,” तो म्हणाला.

आण्णा ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग उठले, विजयसिंहच्या पाठीवर थाप मारली. “लेका, काय रेफरन्स काढलायस माझा. नाद खुळा. आता याला हात लावू नगंस.”

“आण्णा, ते तुमचं...”

“माझंच की. दे ती सीडी.” आणि सीडी खिशात घालून ते गेलेसुद्धा.

वर्षाराणीनं दारातून सगळं ऐकलं होतं. “अवो, त्यो केरबामामांचा आवाज हाय. जाऊन सांगा.”

विजयसिंह दुसऱ्या दिवशी सकाळीच उचगावला गेला. संस्थेत दूध घालायला आलेल्यांची रांग होती आणि सीडी प्लेअरवर केरबा गात होता. आण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. “आण्णा, आमाला म्हाईतच नव्हतं, असा गळा हाय तुमचा,” रांगेतला एकजण म्हणत होता, आणि बाकीचे माना हलवत होते. विजयसिंह थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानंही मान हलवली आणि गाडीला किक मारून परत आला. घरी म्हणाला, “गर्दी होती.”

सीडी छापल्या. कव्हरवर आण्णांचा फेट्यातला फोटो, खाली ‘स्वर : गणपतराव आण्णा’. वाढदिवसाला मंडपात हजारभर माणूस. आण्णा सोफ्यावर हार घालून बसले आणि सीडी सुरू झाली. लोक डोलायला लागले. पुढच्या रांगेत आण्णांच्या विहीणबाई होत्या, बयाबाई, थोरल्या सुनेची आई. त्या नेसरीच्या. त्यांनी कान दिला आणि शेजारणीला सांगावं तशा, पण सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं बया, ह्यो तर आमचा केरबा. हितं कुठं आला त्यो?”

डोलणाऱ्या माना थांबल्या. विजयसिंह स्पीकरच्या मागं सरकला. विहिणीला गप्प बसवायची सोय कुठल्याच संस्थेच्या नियमात नसते.

आण्णांनी एकदा स्पीकरकडं बघितलं, एकदा विजयसिंहकडं. मग उठून माईक हातात घेतला. “विहीणबाई बरोबर बोलल्या. आवाज केरबाचाच हाय. आपण गायलो असतो, पर म्हटलं एका गरीब कलावंताला संधी द्यावी. म्हणून मुद्दाम त्याला पुढं केला.” मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. गाण्याला पडल्या असत्या त्याच्या दुप्पट.

कार्यक्रम संपल्यावर आण्णांनी विजयसिंहला मंडपाच्या मागं गाठलं. “तू म्हणालतास, माझं गाणं हुबेहूब त्याच्यासारखं करतो. मला वाटलं, केलंस.”

“आण्णा, तसं हुईत न्हाय. गळा बदलत न्हाय.”

“मग पाटी कशाला लावलीयास?”

इतकी वर्षं विजयसिंहला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, त्यानं स्वतःलाही नाही.

महिन्याभरानं संस्थेत केरबाचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि आण्णांबरोबर फोटो. परतताना केरबा बावड्याला थांबला. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, “जावईबापू, म्या गायलो ते वर्षाच्या घरचं म्हणून. इचारलं असतंसा तर न्हाय म्हणालो नसतो. निदान नाव तरी घाला.”

विजयसिंहनं खाली मान घालून कबूल केलं. नवी कव्हरं छापायची म्हणून तो आण्णांना विचारायला गेला. आण्णा मोठ्या मनाचे. म्हणाले, “घाल की.” मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. फोटो तोच, फेटा तोच, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरांत ‘स्वरसहाय्य : केरबा, नेसरी’.

वर्षाराणीनं ते कव्हर वाचलं आणि त्या दिवशी नवऱ्याला चहा दिला नाही.

पुढच्या वाढदिवसाला आण्णांनी केरबाला गायला बोलावणं धाडलं. केरबानं निरोप दिला, घसा बसलाय, जमणार नाही. घसा बसलेला नव्हता, हे वर्षाराणीला माहेरच्या फोनवरून कळलं होतं, आणि ऐकून तिला बरं वाटलं होतं. निरोप घेऊन विजयसिंह मंडपात गेला. बिचकतच त्यानं आण्णांना सांगितलं, “केरबा येत न्हाय म्हणतोय.”

आण्णा हार सारखा करत होते. “मग काय अडलंय? त्यो कशाला पायजे? सीडी हाय की,” ते म्हणाले.

विजयसिंहनं सीडी लावली. मंडप मोठा होता, म्हणून त्यानं जाड आवाज थोडा वाढवला.