सावडीतला माझा हात

हिर्डोशी सोडली त्या सकाळी आमचं भात झोडून घरात आलं होतं आणि शेजारच्या पाच घरांचं अजून खळ्यावर पडून होतं. एसटी सातची. पिशवीत दोन ड्रेस, नाचणीच्या भाकरी आणि पुण्याच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र. तीन दिवसांत हजर झालं नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असं त्यात छापलेलं होतं. आई मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. ती कमरेला पदर खोचून शेजारच्या हौसाकाकूंच्या खळ्याकडं निघाली होती. दारातच म्हणाली, "जा. गाडी चुकंल." आणि वळली. मी अठरा वर्षांची होते, मला वाटत होतं की आपल्यासाठी कुणीतरी रडावं. हिच्या डोळ्यात टिपूस नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा भयंकर राग आला होता.

तुम्ही जे गावातच राहिलात, त्यांना सावड म्हणजे काय हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्या पोरांना ते ठाऊक नसणार, म्हणून सांगते. झोडणीला मजूर लावायची ऐपत कुणाचीच नव्हती. मग सहा घरं एकत्र यायची. कुठल्या घरची किती माणसं, ते आधीच ठरायचं. माणसं म्हणायची नाहीत, हात म्हणायचे. तुम्ही आमच्याकडं दोन हात धाडले की आम्ही तुमच्याकडं दोन धाडायचे. घरं पाळीपाळीनं घ्यायची. लिहून कुणी ठेवायचं नाही, पण विसरायचंही कुणी नाही.

त्या साली आईनं आमच्या घरचे दोन हात कबूल केले होते, एक तिचा आणि एक माझा. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, धाकटा दत्तू भोरला वसतिगृहात शिकत होता. पहिली पाळी आमचीच आली. पाच घरांतून दोन-दोन माणसं आली आणि दोन दिवसांत सगळं भात झोडून दिलं. तिसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली. लोकांचे हात घेऊन झाले आणि स्वतःचा द्यायची वेळ आली तेव्हा मी एसटीत बसले होते. पुढं बावीस वर्षं ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा धड सांगितली नाही.

पुण्यात शिकले, तिथंच नोकरी लागली, लग्न झालं, सई झाली. सई सहा वर्षांची असताना आम्ही इंग्लंडला आलो. आता लीड्समध्ये एका केअर होममध्ये नर्स आहे. रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, पाहून जगायचं, शिफ्ट संपली की बस पकडायची, घरी आल्यावर हीटिंग लावायचं की अजून एक स्वेटर घालायचा यावर नवऱ्याशी वाद घालायचा, असं आमचं चाललेलं असतं. तक्रार नाही. मी ज्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते ते मला मनापासून आवडतात. फक्त फोनवर आई म्हशीपलीकडं काही बोलायची नाही. म्हस व्याली, म्हस आटली, म्हस डोंगराला गेली. बावीस वर्षांत तिनं त्या सकाळचं नाव काढलं नाही, आणि माझीही विचारायची छाती झाली नाही. तिच्या मनात अढी आहे असंच मी धरून चालले होते.

आता तो शब्द. सई चौदाची झाली आणि तिच्या तोंडी एक नवीन शब्द आला, स्ले. मी नवी साडी नेसले की, "आई, स्ले." डाळीला फोडणी छान बसली की स्ले. वर्गातल्या मैत्रिणीनं केस कापले तरी स्लेच. मला माझ्या डिक्शनरीतलं इंग्रजी येतं. तलवारीनं ठार करणं, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता. म्हटलं, अगं भवाने, डाळीनं काय कुणाचा मुडदा पाडला?

आमच्या होममध्ये आयलीन नावाच्या आजी आहेत. नव्वदीच्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यांना सकाळच्या गोळ्या देताना मी ही कागाळी केली. त्या गालातल्या गालात हसल्या आणि मला खुर्चीत बसायला लावलं. म्हणाल्या, तुझी पोर चुकत नाही, तूच मधल्या स्टेशनावर थांबली आहेस. हजार वर्षांपूर्वी हा शब्द नुसता मारण्याचा होता, म्हणजे हाणणं, घाव घालणं. लोहाराच्या घणालाही तो चालायचा. मग तो लढाईवर गेला आणि त्याचा अर्थ जिवे मारणं असा झाला. पुढं तो जुन्या पोथ्यांत आणि प्रार्थनांत जाऊन बसला, रोजच्या बोलण्यात उरला नाही. मग नाटकवाले म्हणू लागले की अमक्यानं प्रेक्षकांना पार मारून टाकलं, म्हणजे हसवून हसवून लोळवलं. आणि त्यानंतर अमेरिकेतल्या शहरांत, ज्यांना घरानं आणि समाजानं दारात उभं केलं नाही अशी माणसं एकत्र जमायची, नटूनथटून एकमेकांसमोर चालून दाखवायची, ती हा शब्द एकमेकांना शाबासकीसारखा द्यायची. तिथून तो सईच्या मोबाईलमध्ये आला.

मी गोळ्यांची वाटी हातात घेऊन ऐकत राहिले. खरं सांगते, त्या शब्दाबद्दल मला एकदम आदर वाटला. किती घरं बदलली त्यानं. घाव घालण्यापासून निघाला, रक्तात बुडाला, अडगळीत पडला, आणि ज्यांना कुणी बरं म्हणत नव्हतं त्यांनी त्याला उचलून त्याचं कौतुक करून टाकलं. हे काही पंडितांनी ठरवलं नाही, साध्या माणसांनी वापरून वापरून केलं. आपल्याकडं उलटं असतं म्हणा. आपण फोडलेल्या नारळालाही 'वाढवला' म्हणतो, तुटलेल्या बांगडीलाही वाढवली म्हणतो, वाईट शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून धडपडतो. आणि लाडक्या नातवाला मात्र आमच्याकडं बिनदिक्कत मुडद्या म्हणून हाक मारतात. कुठल्या शब्दाला कुठं नेऊन ठेवायचं हे माणसं बरोबर जाणतात.

या वर्षी सईच्या शाळेला ऑक्टोबरातली हाफ टर्मची सुट्टी लागली तेव्हा मी तिला घेऊन हिर्डोशीला गेले. नवऱ्याला रजा नव्हती. भाताच्या हंगामात मी बावीस वर्षांत पहिल्यांदाच गावी गेले. आधी दर वेळी मेमध्ये जायचे, आणि शाळेची सुट्टी हे कारण सांगायचे. या खेपेला मला ते कारण स्वतःलाच ऐकवेना.

पहिली पाळी यंदाही आमचीच होती. मळणीयंत्र आता किकवी-नसरापूरकडं जागोजाग दिसतं, आमच्या वरच्या वस्त्यांवरही कुणी कुणी आणतं. आईला ते चालत नाही, कारण यंत्रात पेंढ्याचा चुरा होतो आणि म्हस तो नीट खात नाही. सारवलेल्या खळ्यावर फळी मांडलेली. आई पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागं नेई आणि सणकून फळीवर हाणी. तीन घावांत पेंढी मोकळी. पासष्टी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी भिंत धरून उठते, पण फळीसमोर उभी राहिली की ऐकत नाही. सईचा मोबाईल केव्हाच खिशात गेला होता. ती तोंड उघडं टाकून बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, स्ले."

आईनं पेंढी खाली ठेवली. "काय म्हणती गं ही?"

मी सांगितलं. लोहाराच्या घावापासून मोबाईलपर्यंत सगळं, जसं आयलीन आजींनी सांगितलं तसं. आईनं घाम पुसत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी पैलं नुसतं झोडणं व्हतं?"

"हो."

"मग बराबर बोलली की पोर. झोडतीयाच म्या." आणि दुसरी पेंढी उचलली. मधली हजार वर्षं तिनं चुलीत घातली.

मीही फळीसमोर उभी राहिले. दहाव्या पेंढीला खांदा बोलू लागला, विसाव्या पेंढीला तळहात सोलला. दाणे फळीवर कमी आणि माझ्या केसांत जास्त. हौसाकाकू शेजारी झोडत होत्या. आईच्याच वयाच्या, आमच्या घराला घर लागून. आई सईला घेऊन पाणी आणायला गेली तशा त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "तू गेलीस त्या साली तुज्या आयनं काय केलं, ठावं हाय का?"

मी म्हटलं, "नाही काकू."

"कशी सांगंल ती. तू गेलीस आणि आमी समद्यांनी सांगितलं, पोर शिकाया गेली, तिचा हात माफ. तर ही आयकंना. पाचीच्या पाची घरी दोन हाताचं काम एकटीनं केलं. कोंबडा आरवायच्या आदी खळ्यावर हजर. मानसं यायच्या आत पेंढ्यांची निम्मी उडवी झोडून मोकळी करायची. आमी दुपारी भाकरी खायाला बसलो की ही उभीच. पंधरा दिस ह्यो धंदा. हाताला फडकी बांधून झोडायची."

माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. मी विचारलं, "पण सगळे माफ करत होते तर कशाला?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, आज तिचा हात माफ केला तर ती सावडीतनं गेली. उद्या माघारी आली तर कुठं हुबी राहंल?" काकूंनी पेंढी झटकली. "पुढल्या साली बी तेच. मग दत्तू हाताशी आला, तर त्याला धाडाया लागली. अजून बी शिरवळच्या कंपनीतनं सुट्टी काढून येतो त्यो. तुला वाटलं आसंल, सोताच्या नावानं येतो. त्यो तुज्या नावानं येतो. तुमच्या घरचं तीन हात हायत. तुजी आय, दत्तूची बायकू, आणि तू."

मी खळ्याच्या कडेला जाऊन बसले आणि रडले. बावीस वर्षं मी समजत होते की त्या सकाळी एक पाठ फिरली आणि माझ्यासाठी दार लागलं. आणि ही बाई आधी स्वतः पहाटे उठून, पुढं दत्तूला धाडून माझी जागा राखत होती. त्या सकाळीही ती हौसाकाकूंकडं का निघाली होती, ते आता कळलं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा मी राग धरून होते, याची मला फार लाज वाटली.

आई आली. माझे डोळे बघून तिनं काकूंकडं पाहिलं, काकू पेंढ्या मोजण्यात गुंग असल्यासारख्या. आई एवढंच म्हणाली, "हौसे, तुज्या तोंडाला कुलूप घाल."

आमची परतीची फ्लाईट सोमवारची होती. मंगळवारपासून काकूंची पाळी, आणि मग पुढची चार घरं. रविवारी मी होमला फोन करून रजा वाढवली, तिकीट पुढं ढकललं. सईच्या शाळेचं रागाचं पत्र येणार हे माहीत होतं, येऊ दे म्हटलं. नवरा फोनवर म्हणाला, बरं आहे, आता हीटिंग मी हवं तेव्हा बंद करीन.

घर म्हणजे काय, असं परदेशात गेलेले आपण एकमेकांना फार विचारतो. कुणी मातीचं नाव घेतं, कुणी आईच्या हातच्या भाकरीचं. मला आता एवढंच वाटतं की आपण नसताना जिथं आपलं काम कुणीतरी आपल्या नावानं करत असतं, ते घर. तुम्ही मागं राहिलेल्यांनी आमच्यासाठी काय काय केलंय, ते आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही विचारतही नाही. आता विचारा, असं मी माझ्यासारख्या सगळ्यांना सांगेन.

मंगळवारी सकाळी सहाला दत्तू रजा टाकून, टॉवेल डोक्याला गुंडाळून अंगणात तयार उभा होता. मी सुजलेल्या हातांना फडकं बांधत बाहेर आले. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"दत्तू, तू जा कंपनीत," ती म्हणाली. "जिचा हात हाय ती आली."