शेजारची जागा

"तठे नको बसू भाऊ, तिना घरना माणूस येनार शे," माझ्या सीटजवळ उभी असलेली बाई एका धोतरवाल्याला सांगत होती.

धुळ्याच्या एसटीत माझ्या शेजारच्या जागेवर माझा रुमाल होता. जळगावला तिनं विचारलं तेव्हा मीच म्हटलं होतं, "कोणीतरी येतंय." कोणीच येणार नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलावं लागू नये म्हणून मी नेहमीच तसं सांगायचे.

पिंप्राळ्यातल्या योगवर्गात त्या आठवड्यात आम्हाला सत्य पाळायला सांगितलं होतं. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे ते मला सोपं वाटलं होतं.

ती साठीची असेल. वरचा दांडा धरून, डाव्या पायावर भार न देता उभी होती. गचका बसून रुमाल सरकला की वाकून तो नीट करायची. माझ्या खोट्याची राखण ती करत होती.

"अक्का, बसून घ्या की!" कंडक्टर म्हणाला.

"नही रे भाऊ. दुसरानी धरेल जागा शे."

एरंडोलला चढणाऱ्या प्रत्येकाकडे ती माझ्याआधी बघू लागली. "उना नही का तो, माय?" तिनं काळजीनं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. वाक्य मनात जुळत होतं आणि मोडत होतं. पारोळा गेलं. तिनं गुडघा दाबत डोळे मिटले.

"कोणी येणारच नव्हतं, अक्का," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."