काजळी धरलेली काच

त्या श्रावणात पोळ्याच्याच सकाळी सूर्यग्रहण आले. ग्रहण पाहील त्याचे वाटोळे, हे आमच्या वलगावात ठरलेलेच. आठ दिवस आधीपासून मी पारावर उभा राहून ओरडत होतो : ही नुसती सावली आहे, काजळी धरलेल्या काचेतून खुशाल पाहा! गाव हसले. थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला, "माह्या भावाचं खरं का खोटं, मीच पायतो."

भाऊ अमरावतीच्या बाजारात कापसाचा पारखी; कापसात पत्ती, म्हणजे वाळक्या पानांचा कचरा, किती ते नजरेने सांगायचा. एका डोळ्यात लहानपणीच फूल पडलेले. घर चालायचे ते दुसऱ्या डोळ्यावर.

कापसाच्या पैशाने तेव्हा घरोघरी आरसे आले होते. मी एक फुटका मिळवला, मागचा पारा खरवडला, जवसाच्या दिव्यावर धरून काच काळीकुट्ट केली आणि देवळीत ठेवली. भाऊ अमरावतीहून सकाळी यायचा होता.

ग्रहण लागायच्या आत घरातली सगळी भांडी घासून पालथी घालायची, ही आमच्याकडची रीत. पहाटे मी बैल धुवायला नदीवर गेलो. परत आलो तेव्हा वहिनी दारातच होती.

"वहिनी, देवळीतली काच?"

"केवढी काजयी होती तिच्यावर, भाऊजी! राखेनं लख्ख घासली. आताच तुमच्या दादायले देली."

मी अंगणाकडे धावलो. भाऊ मान वर करून उभा, लख्ख काच डोळ्याला लावून.

"दादा, टाक ते!"

"थांब लेका! अर्धा गियला गिरणानं सूर्य."

मी काच हिसकावून आपटली. उशीर झाला होता.

दुपारी बैलांना झुली घालताना तो आत निघून गेला. मी मागोमाग गेलो. वहिनीच्या वातींच्या टोपलीतला कापूस चिमटीत धरून तो दाराच्या उजेडात बसला होता.

"काय दिसून राह्यलं, दादा?"

"मधात काया डाग. कडंकडंनं दिसते." मग हळूच म्हणाला, "यात पत्ती हाय का रे? तू सांग."

बाहेर शेजारी म्हणत होता, "पाह्यलं? गिरणानं डोया खाल्ला." ग्रहणाने नव्हे! लख्ख काचेतून पाहिलेल्या सूर्याने! मी दारातून ओरडलो. कोणी वळून पाहिले नाही. बैल तोरणाखाली चालले होते.

भाऊ अजून तसाच बसला होता. "सांग ना," म्हणाला. कापसात पत्तीचा बारीक चुरा होता. मी म्हणालो, "हाय, दादा."