बुडीत गावावरची होडी

आमचं गाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं तेव्हा माझा मोठा भाऊ एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. बाकीच्यांनी पुनर्वसनाच्या गावात घरं बांधली. त्याने बांधलं नाही. तो निवृत्त झाला, पुढे वहिनी गेली. मग एक दिवस त्याने सांगितलं की होडी करून आपल्या जुन्या घरावरच्या पाण्यात राहणार.

"कायले?" मी विचारलं.

"जागा माही हाय. पाणी सरकारचं असन."

होडी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये तयार झाली. वेल्डर त्याचा जुना दोस्त. त्याला सगळे चाचा म्हणत. तळ लोखंडी पत्र्याचा, डोलकाठी बोअरच्या पाइपची, शीड कापूस झाकायच्या ताडपत्रीचं. दारव्ह्याला ताडपत्री शिवणाऱ्याने माप पाहून विचारलं, "ट्रक तिकोनी घेतला काय भाऊ?"

केबिनमध्ये एक दिवाण आणि गॅसची शेगडी. छतावर दोन सोलर प्लेटा, खाली ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या. त्यावर पंखा, दिवा, मोबाइल आणि तळात झिरपलेलं पाणी उपसणारा लहानसा पंप चालत असे. वाऱ्यावर होडी जेमतेम सरके. वारा पडला की वल्हं. सकाळी प्लेटा पुसायच्या, बॅटऱ्यांचं पाणी पाहायचं, गंजाचा ठिपका दिसला की घासून रेड ऑक्साइड लावायचं. पाण्याखालच्या भागाला त्याचा हात पोचत नव्हता.

त्याला भीती विजेची होती. आमच्याकडे दरवर्षी शेतात विजा पडून माणसं जातात, आणि इथे तर उघड्या पाण्यात उभा लोखंडी पाइप. म्हणून त्याने घराला करतात तेच केलं, अर्थिंग. तांब्याची जाड पट्टी तारेने डोलकाठीला आणि तळाच्या पत्र्याला जोडली व मागच्या बाजूने पाण्यात सोडली. घरी खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकतात, इथे त्याची गरज पडली नाही.

"आता पडू दे वीज," तो म्हणाला. तो पावसाळा त्याने होडीवर काढला.

हिवाळ्यात पंप जास्त वेळ चालू लागला. सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असत. बॅटऱ्याच गेल्या असं समजून त्याने त्या बदलल्या. मग पंखा बंद केला, नंतर दिवा. मी फोन केला की लवकर आटपायचा. "ठेव आता. पंपाले पाह्यजे."

मे महिन्यात पाणी उतरलं आणि होडी गाळावर बसली. आमच्या घराच्या ओट्याचे दगड हाकेच्या अंतरावर उघडे पडले होते. तो तिकडे गेला नाही. चाचाला बोलावून घेतलं. चाचाने मागच्या बाजूला तळावर हातोडी मारली, ती आत गेली.

"भाई, ये तो पापड हो गया."

"टाका मार ना."

"कायले मारू? जिथं मारीन तिथं भोक मोठं होईन."

तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी फोनवर कारण विचारलं. तांबं आणि लोखंड तारेने जोडून पाण्यात ठेवलं की लोखंड खाल्लं जातं. रंग खरवडला असेल तिथे जास्त. लोखंडी होडीचा तळच पाण्यात असतो, तिला वेगळी अर्थिंग लागतच नाही, तीही माहिती त्याने दिली. मी भावाला सांगितलं.

"मी तं विजेले भ्यालो होतो," तो म्हणाला.

नवा पत्रा लावायला होडी बाहेर काढणं भाग होतं. एक ट्रॅक्टर आणला, तो अर्ध्या वाटेत गाळात रुतला आणि कसाबसा परत गेला. पाऊस जवळ आला होता, होडी तिथेच सोडायची ठरली. भावाने बॅटऱ्या, प्लेटा, पंखा, शेगडी उतरवून घेतली. शेवटी चिखलातून तांब्याची पट्टी ओढून काढली आणि पँटला पुसली. तिला काहीही झालेलं नव्हतं.

आता तो यवतमाळला मुलाकडे राहतो. तिथे इन्व्हर्टर आहे. प्लेटा गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, त्यांना काही जोडलेलं नाही. पाणी चढल्यावर मी धरणाच्या काठावरून त्याला फोन केला.

"काठी दिसते काय?" त्याने विचारलं.

"वरचं टोक दिसते."

"मंग वीज तिच्यावरच पडन," तो म्हणाला आणि फोन ठेवला.