खोली गार व्हायच्या आत

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आजारी वडिलांसाठी घेतलेला एअरकंडिशनर सारखा बिघडायचा. नगरात तो दुरुस्त करणारा मेकॅनिक एकच. मशिनला कान लावून आवाज ऐकायचा आणि खोली गार व्हायच्या आत बाहेर उन्हात जाऊन उभा राहायचा. बसा म्हटलं तरी बसायचा नाही. मला तो माजोरी वाटायचा. एकदा चिडून विचारलंच.

"बायको कर्जतला दुष्काळी कामावर खडी फोडती हाय," तो म्हणाला. "मला हितली सवय लागली तर शनवारी तिकडं जाऊ वाटायचं न्हाई."

मे महिन्यात एका शनिवारी मशिन चालू झालं, तरी तो उठला नाही. भिंतीला टेकून मशिनसमोर बसून राहिला.

"आज कर्जतला नाही जायचं?"

"कुनाकडं जाऊ? ऊन लागून गेली ती."

मग वाऱ्यापुढं तळहात धरून म्हणाला, "लई गार हाय वो हे."