गव्याचा घास

दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला आमची भाड्याची कॅरव्हॅन उभी होती. त्या चाकांवरच्या घरात खिडकीपाशी बसवून चार वर्षांच्या मुक्ताला मी वरणभात भरवत होते. "हा घास चिऊचा, हा काऊचा," असं नेहमीसारखं चाललं होतं. तेवढ्यात झाडीतून एक गवा बाहेर आला. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. तो आमच्याकडे बघत उभा राहिला.

"आई, हा घास गव्याचा. त्याला दे."

"जंगलातल्या प्राण्यांना आपण खायला द्यायचं नसतं, बाळा. त्याच्या नावाने तूच खा."

मुक्ता घास तोंडात तसाच धरून विचार करत राहिली. "म्हणजे चिऊचे पण मीच खाल्ले?"

माझ्या आईने मला असंच भरवलं, तिला तिच्या आईने. किती पाखरांच्या नावावर आम्ही पोसलो, आणि एकाही पाखराला त्याचा पत्ता नाही.

गवा मान खाली घालून निवांत चरू लागला. मुक्ताने ताटलीत हात घातला, वेडावाकडा घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"हा आईचा," ती म्हणाली. "हा मी नाही खाणार."